बिघाडाचा खर्च कोणाच्या खिशातून?

नवी गाडी घरी आणायच्या दिवशी शोरूममध्ये हार, नारळ, पेढे असं सगळं तयार असतं. मुलं पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवत असतात, आजी हळदीकुंकू घेऊन बॉनेटपाशी उभी असते आणि मालक आत टेबलापाशी एकामागून एक सह्या करत असतो. विमा, आरटीओ, फास्टॅग, सीट कव्हर, कोटिंग, आणि यादीच्या तळाशी एक्स्टेंडेड वॉरंटी. गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ दिसते. काही जण ‘टाकून द्या’ म्हणतात, काही जण ‘राहू द्या’ म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं कागद न वाचताच दिलेली असतात. गाडी चार-पाच वर्षांची झाली, एसी थंड करेनासा झाला किंवा गिअर पडेनासा झाला, की अर्ध्या मिनिटात दिलेल्या त्या उत्तराची किंमत कळते.

गाडीत काहीही बिघडलं तरी त्याचा खर्च तीनपैकी एका खिशातून जातो. माल किंवा बनावट सदोष असेल तर कंपनीच्या, बाहेरून आघात झाला असेल तर विमा कंपनीच्या, आणि झीज किंवा हयगय असेल तर मालकाच्या. ऐकायला हे सोपं वाटतं. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचे जवळजवळ सगळे वाद या तीन खिशांच्या सीमेवरच होतात. भाग आतून निकामी झाला की दगड लागून? झिजला की जळला? या प्रश्नांवर काही शे ते लाख-दीड लाख रुपये इकडून तिकडे जातात. ग्राहकाला ही सीमा ठाऊकच नसेल, तर निर्णय एकट्या समोरच्या माणसाच्या हाती राहतो.

आधी कंपनीचा खिसा पाहू. मूळ वॉरंटीला वर्षांची मर्यादा असते आणि बहुतेक वेळा किलोमीटरचीही. त्यातली जी आधी भरेल तिथे ती संपते. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी बरीच वर्षं दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर होती. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ती तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आणि पैसे भरून ती सहा वर्षं किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवायची सोय दिली. टोयोटाची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर आहे, आणि हायब्रिड गाडीच्या मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख ६० हजार किलोमीटर. नाशिक-पुणे रस्त्यावर आठवड्यातून चार फेऱ्या मारणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या दृष्टीने यातला किलोमीटरचा आकडा महत्त्वाचा. रविवारी देवदर्शनाला आणि एरवी मंडईपर्यंत गाडी काढणाऱ्या निवृत्त जोडप्याच्या दृष्टीने मात्र वर्षांचा. गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालत असेल, तर लाख-दीड लाख किलोमीटरचं आश्वासन कितीही मोठं दिसलं तरी त्याचा फारसा उपयोग नाही. त्या गाडीला वर्षं वाढवून मिळायला हवीत.

यंत्रांचे बिघाड साधारण एका ठरावीक वळणाने होतात, हे अभियंत्यांना जुनं ठाऊक आहे. सुरुवातीच्या काळात बनावटीतले दोष बाहेर येतात, मग बरीच वर्षं शांततेत जातात, आणि शेवटी झिजेमुळे कुरकुरी पुन्हा वाढतात. पहिला टप्पा मूळ वॉरंटीत येतो. तिसऱ्या टप्प्यातली झीज बहुतेक वॉरंट्या मानतच नाहीत. वाढीव वॉरंटी विकली जाते ती प्रामुख्याने मधल्या, शांत टप्प्यासाठी. त्यामुळे बहुसंख्य ग्राहकांच्या हाती तिच्यातून पैशाच्या रूपात काही परत येत नाही. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाच्या २०१३ मधल्या पाहणीत, वाढीव वॉरंटी घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरलेली नव्हती. त्या देशात या मालाची विक्री इतकी बोकाळली, की ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे’ असे यंत्राने केलेले कोट्यवधी फोन घरोघरी वाजू लागले. २०२३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने असे फोन करणाऱ्या एका टोळीला जवळपास ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

मग वाढीव वॉरंटी घ्यावीच कशाला? कारण मधल्या टप्प्यात क्वचित होणारा बिघाड आता पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं इंजिन रस्त्याच्या कडेला उघडता यायचं. कार्ब्युरेटर काढून साफ करायचा, पॉइंटला कागद घासायचा, निघायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा रस्ता सोडला. आजची गाडी तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, कमी धूर सोडते, ॲव्हरेजही चांगलं देते. पण तिच्यातले भाग दुरुस्त होत नाहीत, अख्खे बदलावे लागतात. हेडलाइटचा बल्ब गेला तर पूर्वी दोनशे-तीनशे रुपयांत काम व्हायचं; अनेक एलईडी दिव्यांत आतला एक भाग गेला की पूर्ण दिवा बदलायची वेळ येते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, टर्बो, इंजिनचा कंट्रोल युनिट, टचस्क्रीन यांतला कुठलाही भाग गेला तर खर्च पाच आकडी होणार हे धरूनच चालावं. दुहेरी क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला मेकाट्रॉनिक भाग बदलायचा झाला तर आकडा लाखाच्या पुढे जातो.

म्हणून ‘वाढीव वॉरंटी घ्यावी का’ या प्रश्नाचं एकच उत्तर सगळ्यांना देणं चुकीचं आहे. साधं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर आणि गावोगाव सर्व्हिस सेंटर असलेली हॅचबॅक असेल, तर तेवढे पैसे बँकेत बाजूला ठेवणं बहुतेकांना परवडेल. गाडी टर्बोची, ऑटोमॅटिक, खूप इलेक्ट्रॉनिक्स असलेली किंवा बाजारात नव्यानेच आलेल्या मॉडेलची असेल आणि ती पाच-सहा वर्षं ठेवायचा विचार असेल, तर वॉरंटी घ्यावी. एका फटक्यात सत्तर-ऐंशी हजार काढणं ज्या घराला जड जाईल, त्या घराने तर घ्यावीच. तिथे फायदा झाला की तोटा हा हिशेब दुय्यम ठरतो.

हिशेब करायचाच तर पूर्ण करावा. वाढीव वॉरंटी टिकवायची असेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत केंद्रातच करण्याची अट बहुतेक करारांत असते. समजा, वॉरंटी पंधरा हजारांना मिळाली. अधिकृत केंद्रात वर्षाचं सर्व्हिसिंग नऊ हजारांत होतं आणि ओळखीच्या चांगल्या गॅरेजमध्ये पाच हजारांत. तीन वर्षांत हा फरक बारा हजारांचा झाला. म्हणजे त्या वॉरंटीची खरी किंमत पंधरा नव्हे, सत्तावीस हजार. शोरूममधल्या कागदावर हा आकडा छापलेला नसतो.

आता एक एस्टिमेट जवळून पाहू. समजा, सांगलीतली चार वर्षांची, ६२ हजार किलोमीटर चाललेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही एसी चालत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला लावली आहे. मालकाकडे वाढीव वॉरंटी आहे. कागदावर ओळी येतात: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, गॅस, कॉम्प्रेसर ऑइल, लेबर, आणि शेवटी जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. कॉम्प्रेसर आतून जॅम झाला असेल तर तो वॉरंटीत बसतो. कंडेन्सर पुढच्या जाळीमागे असतो. हायवेवर उडालेल्या खड्याने त्याला भोक पडलं असेल तर तो बाह्य आघात, म्हणजे वॉरंटी नाही. आणि खरा वाद इथेच सुरू होतो. कंडेन्सरमधून गॅस गळत राहिला, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं वंगणही कमी झालं आणि तशाच अवस्थेत मालकाने दोन महिने एसी चालवला, म्हणून कॉम्प्रेसर जॅम झाला, असं केंद्र म्हणू शकतं. मग सगळं एस्टिमेट मालकाच्या खिशावर येतं. एसीचा गारवा कमी वाटू लागला त्याच आठवड्यात तो गाडी घेऊन गेला असता आणि तक्रार जॉबकार्डवर लिहून घेतली असती, तर त्याची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, फिल्टर, रबरी बुश हे झिजेचे भाग वॉरंटीत सहसा येत नाहीत. एएमटी, म्हणजे यंत्राने आपोआप गिअर बदलणारी गाडी घेणाऱ्यांना हे हमखास उशिरा कळतं. मारुतीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये हा प्रकार आपल्याकडे लोकप्रिय केला. एएमटीत क्लचचं पेडल नसतं, म्हणून क्लच नाही असा समज होतो. क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबतं. घाटात चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल, तर तो लवकर झिजतो. बीएस-६ डिझेल गाड्यांतल्या काजळीच्या फिल्टरची, म्हणजे डीपीएफची कथा अशीच आहे. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर शहरातच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि तुंबण्याचं कारण चालवण्याची पद्धत ठरलं तर दावा मान्य होणं अवघड होतं. रोजचं चालवणं एवढंच असेल तर डिझेल गाडी घेऊच नये. शोरूममध्ये हे सांगितलं जायला हवं. ते सांगितलं जात नाही, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

ग्राहकाच्या मनात सर्वांत खोल रुतलेली भीती मात्र एका वाक्याची आहे: ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल.’ या वाक्याची झाडाझडती भारतात एकदा झालेली आहे. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कार कंपन्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची तंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहक अधिकृत केंद्रांत अडकून पडतो, असं तिचं सार होतं. तीन कंपन्यांविरुद्ध सुरू झालेली चौकशी पसरत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सर्वांत मोठा वाटा टाटा मोटर्सचा होता, १,३४६ कोटींचा.

या निकालातला पुणेकर, चाकणकर, भोसरीकर वाचकाला जवळचा वाटेल असा भाग म्हणजे सुट्या भागांचा. गाडीतले पुष्कळसे भाग कार कंपनी स्वतः बनवत नाही. ब्रेक, फिल्टर, बेअरिंग, दिवे, क्लच हे सगळं पुरवठादार कारखाने बनवतात, आणि चाकण-पिंपरी-भोसरीचा पट्टा अशा कारखान्यांनी भरलेला आहे. तोच भाग कार कंपनीच्या खोक्यात गेला की एका किमतीला विकला जातो. पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात बाजारात आला तर बऱ्याचदा कमी किमतीला मिळतो. पुरवठादाराने तो थेट बाजारात विकू नये अशा करारांवर आयोगाने बोट ठेवलं. तपासात काही सुट्या भागांच्या खरेदीच्या किमतीवर शंभर टक्क्यांहून जास्त रक्कम चढवलेली आढळली. पुण्याच्या नाना पेठेत ‘कंपनीचा माल’ आणि ‘ओई माल’ असे दोन भाव सांगणारा दुकानदार हाच फरक रोजच्या भाषेत सांगत असतो. तिसरा भाव डुप्लिकेटचा. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या बाबतीत त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये.

वॉरंटीबद्दल आयोगाने स्वच्छ सांगितलं, की बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील लवादाने तीन कंपन्यांचा दंड कमी केला, पण बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. अमेरिकेत असंच तत्त्व १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने घालून दिलेलं आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, आणि त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या यंत्रांबरोबर वाहनंही आहेत. बाहेरून टायर बदलले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी गेली, असं कोणी सांगू लागलं तर ग्राहकाने एकच वाक्य बोलावं: ‘तसं लेखी द्या.’

जॉबकार्ड हा मालकाच्या हातातला सर्वांत कमी वाचला जाणारा कागद. त्यावर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, किलोमीटर आणि तारखेसह लिहिलेली असायला हवी. ‘जनरल चेकअप’ असं मोघम लिहिलं असेल तर ते खोडून ‘थंड इंजिनवर दुसऱ्या गिअरला झटका बसतो’ असं लिहून घ्यावं. वॉरंटी संपायच्या आधी नोंदवलेली तक्रार वॉरंटी संपल्यावर वाढली, तर हीच ओळ कामाला येते. त्याच कागदावर इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन डीकार्ब, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशा जादा ओळीही चढतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या किलोमीटरला काय बदलायचं त्याचा तक्ता असतो. त्यात नसलेलं काम ऐच्छिक असतं. तक्ता उघडून ‘हे यात कुठे आहे?’ असं शांतपणे विचारलं, तर बिलातल्या अशा अनेक ओळी गळून पडतात.

विम्याच्या खिशाची सीमा पावसाळ्यात दिसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये खेचलं जातं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. वॉरंटी याला बनावटीचा दोष मानत नाही. साधी पॉलिसी याला परिणामी नुकसान म्हणते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. अपघाताच्या दाव्यातही रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. झीरो डेप्रिसिएशनचं कलम तो भार उचलतं. मुंबई, कोल्हापूर, सांगली, चिपळूण इथे राहणाऱ्यांना वाढीव वॉरंटी आणि इंजिन प्रोटेक्शन यांतलं एकच परवडणार असेल, तर आधी इंजिन प्रोटेक्शन घ्यावं.

आश्वासन देणारा पक्ष कोण, हेही वॉरंटीच्या कागदावर शोधावं. तिथे गाडीच्या कंपनीचं नाव आहे, डीलरचं आहे की तिसऱ्याच कंपनीचं? डीलरशिप बंद पडतात, हात बदलतात. कंपन्याही जातात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांनी सुटे भाग आणि सर्व्हिस देत राहू असं सांगितलं. तरी केंद्रं कमी झाली की मालकाला लांब जावं लागतं आणि भागाची वाट पाहावी लागते. फियाटच्या मालकांना मात्र एका गोष्टीने तारलं. रांजणगावला बनणारं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटबरोबर टाटांच्या गाड्यांतही होतं आणि त्याच घराण्यातलं इंजिन डिझेल स्विफ्टमध्ये होतं. फियाटची शोरूम बंद झाली तरी ते इंजिन उघडायला हात घालणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावातही मिळतो.

विजेच्या गाडीत सगळा जीव बॅटरीत असतो. टाटांनी नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई जाहीर करताना पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी देऊ केली. गाडी विकली की ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. सेकंड हँड ईव्ही घेणाऱ्याने जाहिरातीतला ‘आजीवन’ हा शब्द बाजूला ठेवून दुसऱ्या मालकाचं कलम वाचावं.

दावा नाकारला गेला तर बहुतेक मालक काउंटरवरच हार मानतात. तिथे थांबायचं कारण नाही. सर्व्हिसिंगची नोंद पूर्ण असेल आणि वॉरंटी नुकतीच संपलेली असेल, तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाला ईमेल करून ‘गुडविल’ मागता येतं; अनेकदा भागाच्या किमतीचा काही वाटा कंपनी उचलते. हा भाग रिकॉलमध्ये आहे का, हेही चॅसिस नंबर टाकून पाहावं, कारण रिकॉलची दुरुस्ती वॉरंटी संपलेली असली तरी मोफत असते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सिआझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल-६ मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर-जनरेटरच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्यात २०१८ मध्ये बनलेल्या गाड्याही होत्या.

त्यानेही भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. तोवर गाडी अडकवून ठेवणं शक्य नसेल तर बिल भरावं, पण बिलावर ‘हरकत राखून पैसे भरले’ असं लिहून सही करावी, त्याचा फोटो काढावा आणि काढलेला जुना भाग खोक्यात घालून घरी न्यावा. आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी करायची ठरवली, तर हा भागच पुरावा म्हणून लागतो.